बायोमध्ये आधी 'आई' लिहावं की झाडं? आणि लेकीच्या जुन्या फोटोंचं काय करू?

गवतवाट (ठाणे)

नमस्कार. हे लिहू की नको असं महिनाभर चाललंय. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. लेकीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

मी मानपाड्याला राहते, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. शिक्षण बी.कॉम., वेड झाडांचं. ते बाबांनी लावलं. पावसाच्या तोंडावर ते मला जांभळी नाक्याला शेवळं, ती पावसाळी रानभाजी, आणायला न्यायचे. पाड्यावरून आलेल्या मावश्या शेवळांच्या जुडीबरोबर काकडं, ती आंबट रानफळं, माझ्या हातात द्यायच्या आणि बजावायच्या, "ही घातल्याबिगर शिजवू नको, घसा खाजंल." शेवळ कुठे उगवतं, कधी खुडायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

नोकरी लागल्यावर रविवारी सकाळी येऊरच्या जंगलात जायला लागले. २०१५ मध्ये इन्स्टाग्रामवर तिथल्या झाडांचं अकाउंट काढलं. बायोमध्ये माझं नाव, पुढे 'ठाणे', खाली एक ओळ: येऊरची झाडं, फुलं, शेंगा. ओळखायला मदत करते.

पुढच्याच वर्षी कारवी फुलली. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, डोंगरच्या डोंगर एकदम, आणि बी धरून मरते. आपल्याकडे २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. २०१६ च्या त्या सप्टेंबरात मी लागोपाठ चार रविवार गेले. फुलाच्या आत भिंग लावून फोटो काढले. पाड्यावर कारवीच्या काठ्यांचा कूड करून त्यावर माती-शेण कसं लिंपतात, ते एका आजींना विचारून लिहिलं. लोक कमेंटमध्ये विचारायचे, ही कुठली वाट, बोंडं कधी तडकतात, पुन्हा कधी फुलणार. हळूहळू दोन हजार तीनशे माणसं झाली. मोठा आकडा नाही, पण त्यातले कितीतरी जण रोज काही ना काही विचारणारे होते. दहा-बाराजणांना घेऊन तीन-चार वेळा जंगलात फिरवूनही आणलं.

लेक एप्रिल २०२१ ची. टाळेबंदीचे दिवस, जंगल लांबच, खाली सोसायटीच्या बागेतही जाता येत नव्हतं. मी बाळाच्या मुठीचा एक फोटो टाकला. झाडाच्या फोटोला साठ-सत्तर लाइक यायचे, या मुठीला चारशेवर आले. मग बारसं, पहिला दात, पहिलं पाऊल. मला तेव्हा मनापासून बरं वाटत होतं, ते खोटं नव्हतं. रात्री तीनला पाजत बसलेली असताना कुणीतरी बोलायला आहे असं वाटायचं. २०२२ मध्ये खात्याचं नावच बदललं आणि 'लेकीची आई' या अर्थाचं काहीतरी ठेवलं. बायोच्या दीडशे अक्षरांत आई आली, बायको आली, तीन हृदयं आली. माझं नाव निघालं. झाडं तर त्याआधीच गेली होती.

गेल्या वर्षी कारवी फुलल्यावर आम्ही तिघं येऊरला गेलो. मी फुलांचे तीस-एक फोटो काढले आणि लेकीचा त्या ताटव्यापुढे एक. घरी येऊन टाकला तो लेकीचाच. "किती गोड", "फ्रॉक कुठून घेतला?" मागे अख्खा जांभळा डोंगर उभा होता, त्याबद्दल एका माणसाने विचारलं नाही. आठ वर्षं थांबलेलं फूल, आणि मी स्वतःच ते मागे ढकललं.

तरी खरी गोष्ट घडली ती या जुलैत. लेकीच्या वर्गातल्या आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कुणालाच कुणाचं नाव माहीत नाही, सगळ्या 'अमकीची मम्मी' नावाने सेव्ह. एका आईने त्यांच्या सोसायटीच्या कुंपणावरच्या वेलीचा फोटो टाकला. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी वर वळलेली फुलं. मुलं तोडतायत, चालेल का? मी लगेच लिहिलं, कळलावी आहे, सगळं झाडच विषारी, कंद तर फारच, मुलांना हात लावू देऊ नका. त्यावर तिचं उत्तर आलं: "थँक्यू हं. पण खात्री करायला हवी. आधी इन्स्टावर येऊरच्या झाडांचं एक पेज होतं, त्या मॅडमना नक्की माहीत असतं. आता सापडत नाही. कुणाकडे त्यांचा नंबर आहे का?"

मी फोन हातात धरून ओट्याशी उभी होते. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहिलं. "ती मीच" हे दोन शब्द मला टाइप करता आले नाहीत. वाटलं, कोण विश्वास ठेवेल?

त्या रात्री जुनं नाव परत घ्यायला गेले. ते दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं. नाव बदलल्यावर बहुतेक वेळा चौदा दिवसच ते परत घेता येतं, हे मला कुठे माहीत होतं. मग निदान व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी बदलला, लेकीच्या जागी कारवी लावली. सकाळी आठला कोपरीहून सासूबाईंचा फोन. "पोरीचा फोटो का काढलास गं? काही झालंय का?" दुपारी मावशीचा, "सगळं ठीक ना?" सासूबाई वाईट नाहीत. लेक वर्षाची झाल्यापासून रोज नऊ तास त्याच सांभाळतात. त्यांना खरंच वाटलं की मी पोरीला बाजूला सारलं.

मी सारलेलं नाहीये. आई असणं मला लपवायचं नाही, त्याची लाज तर नाहीच नाही. पण जे मला येतं ते माझ्या नावाने यावं, एवढं वाटणं म्हणजे लेकीवरचं प्रेम कमी होणं का? याच अकाउंटवर सगळं परत फिरवू, की वेगळं काढू? बायोमध्ये 'आई' ठेवू का, आणि कुठे? आणि लेकीचे तीनशेच्या वर फोटो आहेत, त्यांचं काय? ज्या यातून गेल्या असतील त्यांनी कृपा करून सांगा.

टपालवाली (नेरुळ)

बाळ, मी एकसष्ट वर्षांची आहे, म्हणून अगं-तुगं करते.

माझं लग्न १९८६ चं. गृहप्रवेशानंतर ताम्हनात तांदूळ पसरले आणि यांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं. ते वाचेपर्यंत मला माझं नवीन नाव माहीत नव्हतं. चांगलं नाव होतं, तक्रार नाही. पण दहा मिनिटांनी ते तांदूळ गोळा केले आणि बावीस वर्षांचं माझं आधीचं नाव त्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

पुढे मी टपाल खात्यात लागले, २०२४ ला निवृत्त झाले. ठाण्यात असताना एक गोष्ट नेहमी बघायचे. माहेरच्या नावाने पत्र यायचं, पोस्टमन सगळ्या इमारतीत विचारत फिरायचा, आणि कुणी सांगू शकायचं नाही. पत्र जिचं ती दुसऱ्या मजल्यावर भाजी निवडत असायची. शेजारणींना ती माहीत असायची, नाव माहीत नसायचं. पत्र परत जायचं. मी स्वतः अशा पाकिटांवर शिक्के मारलेत.

मग माझ्याच बाबतीत तेच झालं. नौपाड्यातल्या शाळेच्या आमच्या १९८० च्या बॅचने फेसबुकवर सगळ्यांना शोधलं. मी त्यांना सापडले नाही, कारण ना ते नाव, ना ते आडनाव, आणि फोटो नातवाचा. त्यांची पहिली भेट २०१७ ला झाली. मला कळलं २०२० ला, योगायोगाने. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. ती माझ्याबद्दल विचारायची, असं सगळ्यांनी सांगितलं. आता मी फेसबुकवर माहेरचं नावही जोडलंय, ती सोय तिथे आहे. फोटोही माझाच आहे, पांढऱ्या केसांचा.

धाकट्या नातवाचा जन्म २०२४ च्या ऑक्टोबरातला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहितात. दाखल्यावर सुनेचं नाव पाहिलं आणि मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले. लग्न झालेल्या बाईच्या कागदावर मात्र तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव हीच पद्धत राहिली आहे. म्हणून सांगते, फोटो कुठला लावायचा ते नंतर बघ. आधी तुझं नाव परत लिही. ज्याला तुला शोधायचंय त्याला तू सापडली पाहिजेस.

डिंकअळीव (खारघर)

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

मी जुळ्यांची आई. बारावीनंतर लग्न, नोकरी कधीच नाही. मुलं दोन वर्षांची असताना मी 'जुळ्यांची आई' नावाने अकाउंट काढलं आणि दोन बाळांना घेऊन दिवस कसा जातो तेवढंच टाकायचे. बायका विचारायला लागल्या, बाळंतपणात काय खाल्लंत? मग आईच्या पद्धतीने अळिवाचे, डिंकाचे, मेथीचे लाडू करून द्यायला सुरुवात केली. आज महिन्याला साठ-सत्तर किलो जातात. अळीव नारळाच्या पाण्यात नीट फुगला नाही तर लाडू कोरडा होतो आणि बाळंतिणीला गिळवत नाही, हे मला कळतं कारण मी दोन बाळं मांडीवर घेऊन तो गिळलाय. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते मी आई आहे म्हणूनच. मी 'आई' काढलं तर माझी पाटीच काढल्यासारखं होईल.

आणि खरं सांगू? खाद्यपदार्थांच्या नोंदणीचं सर्टिफिकेट आलं तेव्हा त्यावर मालक म्हणून माझं नाव होतं. घरातला तसा तो पहिलाच कागद. ते मला आईपणातून मिळालं. तुमच्याकडे आधी झाडं होती, म्हणून तुम्हाला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. माझ्याकडे आधी काही नव्हतं. तेव्हा 'नुसती आई' असं कुणी म्हटलं की मला लागतं. तुम्ही तसं म्हटलेलं नाही, हे माहीत आहे. पण वाचणाऱ्या इतर जणी म्हणतात.

सायकलस्वार७ (ऐरोली)

दोन मुलांचा बाप आहे. माझ्या बायोमध्ये फक्त सायकल आहे आणि डीपीमध्येही सायकलच. नऊ वर्षांत आईने, सासूने, मावशीने, कुणीही फोन करून विचारलं नाही की मुलांचा फोटो का नाही. हे वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आज बायकोचा डीपी बघितला. मुलांचाच आहे. तिला संध्याकाळी विचारणार आहे की तिला कुठला लावायचा होता.

कामाचं एवढंच: एकाच फोनवर एका अ‍ॅपमध्ये एकापेक्षा जास्त अकाउंट चालतात. आणि जुने फोटो पुसायची गरज नाही. आर्काइव्ह केले की बाकीच्यांना दिसत नाहीत, तुमच्याकडे राहतात.

वहीपेन (वाशी)

मी शिक्षिका आहे, पण हे आई म्हणून लिहितेय. तुमचा शेवटचा प्रश्न, फोटोंचा, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माझी मुलगी आता पंधरा वर्षांची. ती लहान असताना मी फेसबुकवर सगळं टाकायचे. बादलीत बसलेली, पॉटीवर बसलेली, कांजिण्यांनी भरलेलं तोंड. सगळं प्रेमानेच. गेल्या वर्षी नववीत तिच्या वर्गातल्या मुलांना माझं अकाउंट सापडलं. त्या पॉटीवरच्या फोटोचे व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर झाले. ती काहीही बोलली की वर्गाच्या ग्रुपवर ते स्टिकर यायचं. चार दिवस पोट दुखतंय म्हणून शाळेत गेली नाही. पाचव्या दिवशी बाथरूमचं दार लावून रडली आणि आतूनच म्हणाली, "आई, तू टाकताना मला विचारलं होतंस का?"

मी दाराबाहेर उभी होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री सगळे फोटो काढले, पण स्टिकर दुसऱ्यांच्या फोनमध्ये होते, ते माझ्या हातात नव्हतं. पोरं दोन महिन्यांनी कंटाळली, तेव्हा थांबलं. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांसाठी कंपन्यांनी आईवडिलांची संमती घ्यायची आहे. पण आईबापच टाकत असतील तर मुलाची संमती कोण घेणार?

तुमची लेक चार वर्षांची आहे. तुम्ही 'मी की ती' असं बघताय. मला वाटतं ते तसं नाहीच. तुम्ही तुमच्या नावाने उभ्या राहिलात तर तिचा चेहराही तिच्यासाठी शिल्लक राहील.

गवतवाट (ठाणे)

दोन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांची उत्तरं पुन्हा पुन्हा वाचली. टपालवाली काकूंचं तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्या मैत्रिणीच्या ओळीला मला पुढे वाचवेना.

डिंकअळीव ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि ते योग्यच आहे. तुमची पाटी तुम्ही स्वतः रंगवलीय. माझी मी नुसती लाइक मोजत मोजत बदलत गेले, फरक तेवढाच. 'आई' शब्दाशी माझं भांडण नाही.

वहीपेन ताई, तुमच्यामुळे मी एक केलं. रविवारी दुपारी लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, हे सगळे तुझे फोटो, लोकांना दाखवू का? तिला वाटलं खेळ आहे. दहा-बारा फोटो "हा दाखव, हा दाखव" झालं. मग तिच्या पहिल्या जावळाचा आला, डोकं भादरलेलं, तोंड वासून रडतेय. ती गप्प झाली. बोटाने स्क्रीन झाकून म्हणाली, "हा नाही. यात मी रडते." त्या फोटोला पाचशे बारा लाइक होते. मी तिथेच सगळे आर्काइव्हला टाकायला घेतले, तीनशे सत्तावीस. रात्री साडेअकरापर्यंत चाललं. एकच ठेवला, कारवीपुढचा. पण कातरून, त्यात तिचा फक्त हात आहे, फुलाला लावलेला. तिला विचारून.

वेगळं अकाउंट काढलं नाही. मला दोन माणसं व्हायचं नाहीये. खात्याचं नाव आता माझंच आहे, नाव आणि आडनाव. बायोमध्ये असं लिहिलं: 'येऊरची झाडं २०१५ पासून. शेवळं खायला बाबांनी शिकवलं, ओळखायला पाड्यावरच्या मावश्यांनी. एका मुलीची आई, तीही आता सोबत चालते.' तीन वेळा खोडून ही ओळ शेवटी ठेवली. आधी ठेवली असती तरी चाललं असतं, असं आता वाटतं.

सत्तरएक लोक सोडून गेले. बहुतेक फ्रॉकवाले.

सासूबाईंसाठी राम मारुती रोडवरच्या स्टुडिओत लेकीचे वीस फोटो छापून घेतले आणि एक मोठा फ्रेममध्ये. त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारी लावलाय. कारवीचा डीपी त्यांना अजून पटलेला नाही. परवा म्हणाल्या, "फूल छान आहे, पण मला उघडल्यावर पोर दिसायची गं." त्यावर मला काही बोलता आलं नाही. आता रोज दुपारी मी त्यांनाच सांगते तिचा फोटो मला पाठवायला, आणि त्या पाठवतात, बोट आलेले, हललेले.

आणि त्या ग्रुपवर शेवटी लिहिलं. "कळलावीबद्दल विचारलं होतंत ना, येऊरचं ते पेज माझंच होतं." सोबत २०१६ चा कारवीचा फोटो टाकला. दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही, माझा जीव खालीवर. मग तिचा फोन आला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना ती गेटपाशी उभी होती, पिशवीत ओल्या कागदात गुंडाळलेली एक डहाळी घेऊन. हे कुठलं, ते सांगा म्हणाली. तेरडा होता, साधा तेरडा. तरी मी तिला त्याची शेंग दाखवली, पिकली की बोट लावताच कशी फुटते ती. दोघींच्या पोरी शेंगा फोडत बसल्या. मग तिने फोन काढला, माझा नंबर उघडला आणि विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

पुढच्या रविवारी त्यांच्या सोसायटीतल्या सहा जणींना घेऊन येऊरला जातेय, पाटोणपाड्याच्या बाजूला. गेल्या वर्षी फुललेल्या कारवीची वाळकी खोडं अजून उभी आहेत, खाली नवी रोपं आली असतील, ती बघायचीत. इथलं कुणी ठाण्यात असेल तर सकाळी साडेसहाला येऊरच्या गेटपाशी या. बूट घाला, चपला नकोत, जळवा नाहीत पण चिखल भरपूर आहे.

डिंकअळीव ताई, अळिवाचे लाडू ठाण्यापर्यंत पाठवता का? नणंदेचं बाळंतपण सप्टेंबरात आहे. दोन किलो हवेत. निरोप तुमच्या खात्यावर टाकते, माझ्या नावाने.